काळ्या काचेमागचे मेळवण

१९ मे १९९५, शुक्रवार, दुपारचे चार वाजून वीस मिनिटे. बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या एका बंगल्याच्या दिवाणखान्यात, मी स्वतः आखलेल्या आणि स्वतः चिकटवलेल्या पहिल्या फिशटँकसमोर मी उभी होते. काच लखलखीत होती. वाळू पांढरीशुभ्र होती. पाणी इतके नितळ होते की मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी त्यातून वाचता यावी. आणि टाकीतले सगळे गोल्डफिश पाण्याच्या वरच्या थराला तोंडे लावून तडफडत होते. यजमानीणबाई माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने पाहत होत्या.

"जुओ केतकीबेन, एकदम चोख्खुं करी नाख्युं! फिल्टरमांथी तो केटलो कचरो नीकळ्यो!"

तो 'कचरा' तयार व्हायला पाच आठवडे लागले होते. बाईंनी तो धुण्याच्या पावडरीने दहा मिनिटांत घालवला होता. मी खिशातून परीक्षानळी काढली, पाणी भरले, त्यात रसायनाचे थेंब टाकले. पाणी हळदीसारखे पिवळे झाले, म्हणजे विष चढलेले. बाई म्हणाल्या, "कलर सरस छे." रात्रीपर्यंत सगळे मासे मेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला: तुमची टाकी खराब निघाली.

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितले आहे की 'माशांविषयी काही गोड' लिहावे. माझे मासे गोड्या पाण्यातले आहेत, गोडवा तेवढाच. बाकीचा लेख मी वैतागाने लिहिते आहे हे आधीच कबूल केलेले बरे. घरगुती मत्स्यालये बनवण्याच्या कामात माझी आठ-नऊ वर्षे गेली आणि या काळात मला माशांनी एकदाही त्रास दिलेला नाही.

प्रथम धंदा समजावून सांगते, कारण तो बाहेरून दिसतो तसा नाही. लोकांना वाटते की टाकी म्हणजे काचेचे भांडे, आणि चांगली टाकी म्हणजे गळत नाही ते भांडे. माझ्या लहानपणी हे बरेचसे खरेही होते. लोखंडी पट्ट्यांची चौकट, त्यात लांबी (पुट्टी) भरून बसवलेल्या काचा, आणि दर पावसाळ्यात गंजाचे ओघळ. नव्वदनंतर बाजार उघडला तशा सिलिकॉनच्या नळ्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळू लागल्या, परदेशी बनावटीचे छोटे पंप आले, आणि चौकटीशिवाय नुसत्या काचेला काच जोडून टाकी उभी करता येऊ लागली. त्याच सुमारास नव्या फ्लॅटांत केबलचा टीव्ही आला, टीव्हीसाठी भिंतभर शोकेस आली, आणि शोकेसमध्ये टीव्हीशेजारी एक उंच, अरुंद खण रिकामा राहिला. बडोद्यातल्या निम्म्या माशांचे भवितव्य सुताराने सोडलेल्या त्या खणाने ठरवले. माशाला हवी पसरट टाकी, कारण प्राणवायू पाण्याच्या पृष्ठभागातून आत येतो. खणाला हवी उंच टाकी. मी पसरट टाकीचे चित्र काढून दाखवले की पहिला प्रश्न ठरलेला असे: "शोकेसमां बेसशे?"

पण खरी गोष्ट काचेत नसते, ती पाण्यात असते. मासा खातो, मलमूत्र टाकतो, त्यातून पाण्यात अमोनिया साठतो आणि अमोनिया हे माशाला विष आहे. नदीत-तळ्यात ही अडचण येत नाही, कारण तिथे काही जिवाणू हा अमोनिया खातात आणि त्याचे रूपांतर टप्प्याटप्प्याने जवळजवळ निरुपद्रवी क्षारात करतात. टाकीत हे जिवाणू फिल्टरमधल्या स्पंजवर राहतात. ते सावकाश वाढतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि एकत्र वसले की स्पंजवर तपकिरी, बुळबुळीत थर दिसतो. म्हणजे टाकीतली सर्वांत मौल्यवान वस्तू ही टाकीतली सर्वांत घाणेरडी दिसणारी वस्तू असते. ती साबणाने धुतली, किंवा नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली धरली, की संपली. नव्या पाण्यात मासा चोवीस तास छान दिसतो. मग आपल्याच मलात गुदमरतो.

मी एम.एस्सी. झाल्यावर हे काम पत्करले, ते काही निसर्गप्रेमातून नव्हे. मला एक प्रश्न सोडवायचा होता: दिवाणखान्यातला मासा सरासरी तीन महिन्यांत का मरतो, आणि तो मरू नये अशी पेटी बनवता येईल का? बाबांच्या मते हा प्रश्न नव्हता, छंद होता. आमच्या घराण्यात चार पिढ्यांनी आधी दरबारच्या आणि मग सरकारच्या खुर्च्या झिजवलेल्या. मुलीने गॅरेजमध्ये काचा कापाव्यात यात त्यांना अधोगतीचा अखेरचा टप्पा दिसत होता. त्यांनी ओळखीने शहराबाहेर कोयलीच्या कारखान्यातल्या एका प्रयोगशाळेत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता आणि जेवताना दर दोन दिवसांनी ते तो मला वाढत असत.

मी पेट्या बनवत राहिले. प्रत्येक नवी पेटी आधीच्या गिऱ्हाइकाने केलेल्या नव्या प्रकारच्या हत्येला उत्तर होती. उदाहरणार्थ, खाणे घालण्याचा प्रश्न. आपल्याकडे माशाला खायला घालणे हे पुण्य. घरात आलेला प्रत्येक पाहुणा चिमूटभर पुण्य टाकीत टाकून जातो; ते कुजते आणि अमोनिया वाढतो. म्हणून मी बंद झाकण केले आणि खाणे टाकण्यासाठी रुपयाएवढेच भोक ठेवले. पंधरा दिवसांनी जाऊन पाहते तर भोकावर स्वयंपाकघरातले नरसाळे उपडे नव्हे, सुलटे बसवलेले.

दुसरे उदाहरण आमच्याच आळीतल्या एका निवृत्त मराठी अधिकाऱ्यांचे. त्यांच्या टाकीत दर पहाटे एक मासा मेलेला सापडे. चार फेऱ्यांनंतर कळले की ते रात्री दहाला हवेचा पंप बंद करतात.

"रात्री मासे झोपतात. तेव्हा पंप कशाला?"

"काका, तुम्ही झोपताना श्वास बंद करता का?"

"तुझ्या बाबांना सांगतो, तू मोठ्या माणसांशी कशी बोलतेस ते."

त्यांनी सांगितले. बाबांनी मला ऐकवले. पुढच्या पेटीत मी पंपाची वायर बटणाशिवाय थेट जोडून झाकणाखाली बंदिस्त केली. तेव्हा काकांनी भिंतीवरचे मुख्य बटण बंद करायला सुरुवात केली आणि त्यासोबत फ्रीजही बंद होऊ लागला. काकूंनी फ्रीजसाठी युद्ध केले म्हणून मासे वाचले. विज्ञानाचा त्यात काडीइतका वाटा नव्हता.

एकाने वास्तुतज्ज्ञाच्या सल्ल्याने टाकी ईशान्येच्या खिडकीत, ऐन उन्हात ठेवली. आठवड्यात पाणी पालकाच्या सुपासारखे झाले. एकीने मे महिन्यात मासे उकडतात म्हणून सरबताचा बर्फ घातला. ही सगळी सुशिक्षित माणसे होती. फिल्टर धुण्याचा रोग मात्र या सर्वांना सारखाच होता, आणि तो नेमका दिवाळीत बळावत असे. घराचा कोपरान्‌कोपरा घासायचा, माळ्यावरची पितळी भांडी चिंचेने उजळायची, मग बैठकीतली तपकिरी स्पंज असलेली पेटी कशी सुटेल? धनत्रयोदशीला टाक्या धुतल्या जात. पाडव्याला पाणी चमकत असे. भाऊबीजेला माझा फोन वाजू लागे.

यावर माझा पहिला उपाय सांगते. तो शास्त्रशुद्ध होता, म्हणून फसला. मी पत्रक छापले: 'या फिल्टरमध्ये उपयोगी जिवाणूंची वाढ होते. कृपया धुऊ नये.' पत्रक वाचून एक बाई मला म्हणाल्या, "जिवाणू? अहो, घरात तान्हं मूल आहे!" आणि त्यांनी टाकीत जंतुनाशकाचे दोन थेंब टाकले. दुसऱ्या पत्रकात मी 'जिवाणू' काढून 'सूक्ष्मजीव' घातले. त्यावर एका जैन गृहस्थांनी विचारले की अशा असंख्य जिवांना स्पंजमध्ये कोंडून ठेवणे ही हिंसा नव्हे का. तिसऱ्या पत्रकात मी आकृती काढली. ती एका मुलाने शाळेच्या प्रकल्पाला लावली आणि त्याला बक्षीस मिळाले. त्याच्या आईने फिल्टर धुतला.

शेवटी मी रचनाच बदलली. टाकीच्या मागच्या बाजूला एक अरुंद खण केला, त्याच्यासमोर काळी काच लावली, आणि स्पंज त्या काळ्या काचेमागे दडवला. पाणी एका फटीतून आत जाईल, स्पंजमधून गाळले जाऊन पंपाने बाहेर येईल. दिसणार नाही, तर धुतला जाणार नाही, हा माझा तर्क. त्यात एकच चूक होती. आपल्या गृहिणींना न दिसणारी जागा सर्वांत आधी आठवते.

घडियाळी पोळ या जुन्या शहरातल्या गल्लीत राहणाऱ्या कुसुमबेन या माझ्या सर्वांत काटेकोर गिऱ्हाईक. साठीच्या, बुटक्या, आवाजाला धार. त्यांनी काळ्या काचेमागे हात घालून, स्पंज काढून, उकळत्या पाण्यातून काढला होता. मी पोहोचले तेव्हा दोन मासे गेले होते आणि कुसुमबेन स्वयंपाकघरात सुनेवर कडाडत होत्या. सुनेने दह्याचे भांडे घासून ठेवले होते. उद्याच्या दह्यासाठी चमचाभरही मागे ठेवले नव्हते.

"आखुं वासण ऊटकी नाख्युं! मेळवण राखवानुं ना आवडे? हवे शेनाथी दहीं जमावशुं, तारी डिग्रीथी?"

आपण विरजण म्हणतो, त्याला गुजरातीत मेळवण म्हणतात. मी दारातच उभी राहिले. माझ्या हातात पिवळी परीक्षानळी होती आणि डोक्यात संताप. त्या संतापातच मी बोलून गेले, "कुसुमबेन, तमे पण मारी टांकीनुं मेळवण धोई नाख्युं."

कुसुमबेनचा हात थांबला. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिले, एकदा माझ्याकडे.

"ए काळुं काळुं… मेळवण हतुं?"

"हा."

"तो एवुं पहेलां केम ना कह्युं?" आता आवाजाची धार माझ्याकडे वळली होती. "जिवाणु, बिवाणु, कागळियां छपाव्यां! मेळवण कहो तो कोण मूरख धोय?"

मी घरी येऊन काळ्या काचेवर पांढऱ्या रंगाने गुजरातीत लिहिले: मेळवण. ज्या सरांकडे मी संशोधन केले होते त्यांनी ते पाहून नाक मुरडले. दह्यातले जिवाणू आणि हे जिवाणू यांचा दूरचाही संबंध नाही, तू विज्ञानाची विद्यार्थिनी आहेस, असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मला स्वतःलाही तो शब्द काचेवर पाहून दर वेळी टोचत असे. पण सरांच्या घरी टाकी नव्हती.

आता मुद्द्याची गोष्ट. या पेट्या विकणार कोण? घडियाळी पोळीच्या तोंडाशी हर्षदभाईंचे दुकान होते: पूर्वी पोपटांचे पिंजरे आणि पक्ष्यांचे दाणे, आता दर्शनी भागात फिशटँक. मी बनवलेल्या टाक्या ते एकेक करून विकत, पण मला एकेक नको होत्या. एकेक टाकी गॅरेजमध्ये कापून ना माझे भागत होते, ना बाबांचे तोंड बंद होत होते. हर्षदभाईंनी मार्ग सुचवला. त्यांच्या ओळखीची अहमदाबादची एक घाऊक व्यापारी पार्टी लाभपंचमीच्या, म्हणजे दिवाळीनंतर दुकाने पुन्हा उघडण्याच्या मुहूर्ताच्या, दुसऱ्या दिवशी नव्या वर्षाच्या खरेदीला बडोद्याला येणार होती. माझ्या 'मेळवणवाळ्या' बारा पेट्या दिवाळीआधी बारा घरांत बसवायच्या आणि तेरावी दुकानाच्या दर्शनी भागात ठेवायची. दिवाळीची साफसफाई पार करून मासे जगले, तर हर्षदभाई पार्टीला माल दाखवतील. नाहीतर नाही.

मी बाबांना सांगितले की या दिवाळीत निकाल लागेल. बाबांनी कोयलीला फोन करून सांगितले की मुलगी लाभपंचमीनंतरच्या सोमवारी रुजू होईल. मी हो म्हटले, पण मनात एक अट ठेवली: पाणी टिकले तर जाणार नाही. त्या तेरा पेट्यांना सुरुवातीचे जिवाणू मिळावेत म्हणून माझ्या गॅरेजमधल्या टाकीतले सगळे जुने स्पंज मी कापून वाटून टाकले. माझ्याकडे एकही उरला नाही. हे पुढे महत्त्वाचे ठरले.

धनत्रयोदशी गेली, पाडवा गेला, भाऊबीज गेली. फोन वाजला नाही. मी बारा घरांपैकी जी उघडी होती तिथे फिरून पाणी तपासले; बाकीची मंडळी अबूला नाहीतर सापुताऱ्याला गेली होती. घरोघरी काचा पुसलेल्या, वाळूवरची घाण काढलेली, आणि काळ्या काचेमागचा तपकिरी स्पंज जसाच्या तसा. नळीतले पाणी जवळजवळ रंगहीन. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच दिवाळी दिवाळीसारखी वाटली.

लाभपंचमीला दुपारी हर्षदभाईंनी मुहूर्त करून दुकान उघडले. मी हार घेऊन गेले. दर्शनी टाकीतले मासे पाण्याच्या वर तोंडे काढून होते; दोन तळाशी आडवे पडले होते, आणि हर्षदभाई अपशकुन दिसू नये म्हणून त्यांच्यापुढे प्लॅस्टिकचा किल्ला सरकवत होते.

मी काळ्या काचेमागे हात घातला. स्पंज बर्फासारखा पांढरा.

"हर्षदभाई, हे कोणी धुतलं?"

"बेन, दुकान छे. धोया वगर लक्ष्मीजी केम आवे?"

"बारा घरांतल्या बायकांनी हात लावला नाही, आणि अट तुम्ही घातली होती!"

"ए तो घर छे. घरमां मेळवण होय. दुकानमां मेळवण शेनुं?"

वर त्यांनी पुस्ती जोडली की पार्टी उद्या दुपारी येणार, ती दर्शनी टाकी पाहणार, घरोघरी फिरणार नाही. आणि टाकी तर डोळ्यांदेखत फेल गेली. मी नळी भरली. गडद पिवळा. माझ्या रंगपट्टीवर लिटरमागे चार मिलिग्रॅम. एवढ्या अमोनियात उरलेले मासे उद्या दुपारपर्यंत टिकणे अवघड होते.

मी क्लोरीन उडून जाण्यासाठी मुरवत ठेवलेले पाणी आणून टाकीतले निम्मे पाणी बदलले. "पाछुं पाणी बदलवानुं?" हर्षदभाई ओरडले, "तमे ज तो ना पाडो छो!" निम्मे पाणी बदलणे आणि स्पंज धुणे यांतला फरक मी त्यांना समजावला नाही. मला वेळही नव्हता आणि सहनशक्तीही. पाणी बदलून विष पातळ होते, थांबत नाही. तिथे जिवंत स्पंज हवा होता. गॅरेज रिकामे. उपाय एकच: बारा घरांपैकी एखाद्या घरातून अर्धा स्पंज मागून आणणे. त्या घरचे मासे निम्म्यावर निभावून नेतील.

पाणी आणण्यात आणि बदलण्यात संध्याकाळ झाली होती. मी धावत पोळीत कुसुमबेनकडे गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, हर्षदभाईंच्या बुद्धीविषयी दोन शब्द काढले, आणि मान हलवली.

"सवारे आपीश."

"सकाळी उशीर होईल, कुसुमबेन. आत्ता द्या ना."

"दीवाबत्ती थई गई, बेन. हवे मेळवण ना अपाय."

मला क्षणभर काही कळेना. देवघरात नुकता लावलेला दिवा होता. मग कळले, दिवेलागणीनंतर विरजण कोणी देत नाही, आणि माझ्या तोंडून किंचाळीच निघाली. "अहो, ते दही नाहीये! स्पंज आहे, स्पंज!"

"तमे ज कह्युं'तुं, मेळवण छे." कुसुमबेन अगदी शांत होत्या. "सांज पछी मेळवण बहार जाय तो घरनी बरकत जाय. अने मारी माछली मरी जाय तो?"

मी मोपेड काढली आणि सुभानपुऱ्यात, त्या बारा घरांपैकी एका मराठी काकूंकडे गेले. निदान इथे मराठीत वाद घालता येईल असे वाटले.

"तिन्हीसांजेला विरजण मागायला आलीस?" काकूंनी दार अर्धेच उघडले. "तुला आईने काही शिकवलं की नाही?"

मी घरी गेले आणि आईला सांगितले. आई म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं." बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "कोयलीत चोवीस तास अमोनिया मोजतात. दिवेलागणीची अडचण नाही तिथे."

मी त्या संध्याकाळी जितकी चिडले होते तितकी नंतर कधीच चिडलेली नाही. तीन पत्रके छापून ज्या गोष्टीवर कुणाचा विश्वास बसला नाही, त्या गोष्टीवर आता सगळ्यांचा इतका विश्वास बसला होता की माझे मासे त्यानेच मरणार होते. पुन्हा दुकानात जाऊन आणखी थोडे पाणी बदलले, पंप पूर्ण उघडा ठेवला, आणि हर्षदभाईंनी शटर ओढल्यावर घरी आले. हातात दुसरे काही नव्हते.

सकाळी मी दुकानात पोहोचले तेव्हा कुसुमबेन आधीच पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर झाकणाचा स्टीलचा डबा. शटर वर जाताच त्या उठल्या.

"हर्षद! दुकान धोयुं तो धोयुं, मेळवण पण धोई नाख्युं? तारी बाए आवुं शीखव्युं'तुं?"

"पण काकी, दुकानमां…"

"दुकानमां जीव छे के नहीं? जीव होय त्यां मेळवण होय!"

डब्यात टाकीतल्याच पाण्यात बुडवलेला अर्धा स्पंज होता: तपकिरी, बुळबुळीत, सुरेख. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडला असता तर रस्त्यात त्याचा जीव गेला असता. कुसुमबेननी तो उघड्या हवेची जागा ठेवून डब्यात आणला होता. कारण विचारले तर म्हणाल्या, मेळवण कोणी पिशवीत देते का? मी स्पंज खणात बसवला. रिकामा डबा परत न्यायचा नसतो, म्हणून हर्षदभाईंना त्यात माशांच्या खाण्याचे एक पाकीट घालावे लागले.

पार्टी दुपारी आली. पांढऱ्या सफारीतले जाडसर गृहस्थ, एका हातात पानाची पुडी. मासे तोवर पृष्ठभाग सोडून मध्यावर उतरले होते आणि संथपणे फिरत होते. गृहस्थांनी टाकीवर टिचकी मारली, झाकण उचलून पाहिले, बुडबुडे कमी आहेत अशी तक्रार केली, उघडझाप करणारा शिंपला मिळेल का विचारले. मग ते मागे वळले.

"आ पाछळ काळुं शुं छे?"

मी उत्तर द्यायला श्वास घेतला. चार वर्षांचे उत्तर माझ्याकडे तयार होते. हर्षदभाईंनी मला बोलूच दिले नाही.

"मेळवण," ते म्हणाले.

गृहस्थांनी पान तोंडात टाकले. "तो तो धोवाय नहीं."

इतकेच. त्यांनी पंचवीस पेट्यांची मागणी नोंदवली. 'मेळवण' हा शब्द मोठा आणि सोनेरी हवा, असे सांगितले, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेले 'जैविक गाळणी' काढून टाकायला लावले. माझे नाव कुठे असावे असा विषयच निघाला नाही. आजही बाजारात तिला 'मेळवणवाळी टांकी' म्हणतात. मध्यंतरी एका दुकानदाराने मला ती कशी चालते ते समजावून सांगितले. बरेचसे बरोबर सांगितले.

हर्षदभाई खूश होते. त्यांनी चहा मागवला. मी मात्र चहा तसाच ठेवून टाकीपाशी बसले, कारण अहमदाबादच्या गृहस्थांनी मासे पाहिले होते, पाणी पाहिले नव्हते. आदल्या संध्याकाळी मी इतके पाणी बदलले होते की मासे केवळ त्यानेही तरतरीत दिसू शकले असते. स्पंज काम करतो आहे की विष पुन्हा चढते आहे, हे एक टिचकी मारून कळत नाही. पंचवीस माणसांच्या घरी मी पंचवीस पेट्या देणार होते, आणि एका व्यापाऱ्याच्या 'धोवाय नहीं'वर कोयलीची नोकरी सोडणे हे माझ्या शिक्षणाला शोभणारे नव्हते. आकडा अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली उतरला तरच नाही म्हणायचे, असे मी ठरवले.

सकाळी स्पंज बसवण्याआधीचा आकडा दीड होता. पार्टी येण्याच्या वेळी एक. तिसऱ्या प्रहरी रंग आणखी उतरला. मी त्यावर विश्वास ठेवला नाही आणि नळी धुऊन पुन्हा तपासले. नंतर मी कुसुमबेनच्या टाकीचेही पाणी पाहून आले, त्यांचे मासे निम्म्या स्पंजवर ठीक होते. त्या म्हणाल्या, "मेळवण आपवाथी ओछुं ना थाय."

हर्षदभाई दिवा लावून, दुकान बंद करायच्या तयारीत उभे राहिले. मी शेवटची नळी भरली, थेंब टाकले, आणि रंग बसेपर्यंत थांबले.

"तो सोमवारे कोयली जवानां, बेन?" त्यांनी विचारले.

मी नळी पांढऱ्या कागदासमोर धरली, रंगपट्टी शेजारी ठेवली, नळी फिरवून दुसऱ्या बाजूनेही पाहिली, आणि लिहिले: ०.२.